सायलेन्सर

दोन नंबरची लाइन सोमवारपासून बंद, असा कागद फॅक्टरीच्या जेवणघराबाहेर लागला तेव्हा थावी हात धूत होता. कागदापाशी गर्दी झाली. कुणी मोठ्यानं वाचलं, कुणी मोबाइलवर फोटो काढला. थावीनं साबण दोनदा लावला, नखांतली काजळी काढली, हात पँटीला पुसले आणि मगच तो पुढं गेला. कागदावर चार ओळी होत्या. पिकअप गाड्यांची मागणी घटली आहे. दोन नंबरच्या लाइनीनं पुढचा निरोप येईपर्यंत घरी थांबावं. तोवर पगाराचा चौथा हिस्सा कापला जाईल. सहकार्याबद्दल आभार.

"आभार कसले मानतायत?" मागून कुणीतरी म्हणालं. हसलं कुणी नाही.

थावीला त्या लाइनीवर सव्वीस वर्षं झाली होती. गाडीच्या पोटाखालून मागं जाणारा सायलेन्सरचा नळ आणि त्याचा डबा, यांचे सांधे तो वेल्डिंगनं जोडायचा. सांधा झाला की शेजारी आपला नंबर ठोकायचा, अठ्ठावन्न. थायलंडातल्या आमच्या रायोंग प्रांतात पिकअप नाही असं घर सापडणं कठीण, आणि त्यांतल्या किती गाड्यांखाली अठ्ठावन्न नंबर असेल ते त्यालाही माहीत नव्हतं.

लाइनीचा मुकादम विरोज फाटकापाशी भेटला. तो थावीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. थावीनंच त्याला वेल्डिंगचा टॉर्च धरायला शिकवलं होतं.

"दादा, बोलावलं की याल ना?"

"न येऊन जातो कुठं?"

"नाही, म्हणजे..." विरोजनं बुटाच्या टोकानं खडा उडवला. "वरचे लोक म्हणतात, पन्नाशीच्या पुढच्यांनी स्वतःहून विचार केला तर बरं."

थावीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढला.

बस नेहमीच्या रस्त्यानं निघाली. थावी दूरच्या सुरिन प्रांतातून इथं आला तेव्हा हा रस्ता लाल मातीचा होता. दोन्ही बाजूंना कसावा आणि अननस. तो अननस तोडायला मजूर म्हणून आला, लामयायच्या बापाच्या शेतावर राहिला आणि दोन वर्षांनी त्याच घरचा जावई झाला. मग गाड्यांच्या फॅक्टऱ्या आल्या. एक आली, तिच्या मागं तिला काचा पुरवणारी, सीट पुरवणारी, नळ पुरवणारी. गावानं शेतं विकली. लामयायच्या बापानं विकलं नाही, आणि मरताना लेकीलाही विकू नको म्हणून सांगून गेला. आता चहूबाजूंनी पत्र्याच्या भिंती आणि मधे तिचं बारा राय, म्हणजे पावणेपाच एकर, अननसाचं शेत, असं झालंय. मोठ्या रस्त्याच्या पलीकडं दीड वर्षापूर्वी आणखी एक फॅक्टरी उभी राहिली, पांढरीशुभ्र. तिथं विजेवरच्या गाड्या बनतात. थावीची मुलगी मालिवान तिथंच कामाला होती.

लामयाय शेतात होती. डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे उघडे. मार्च सरत आला होता आणि ऊन असं की फळाचं मावळतीकडचं अंग भाजून निघायचं. म्हणून आमच्याकडं फळाभोवतीची लांब पाती वर गोळा करून सुतळीनं बांधतात, फळावर छत्री धरल्यासारखी. एकेका झाडाशी वाकायचं, बांधायचं, पुढं सरकायचं.

"मालीचे बाबा? आज दिवसाउजेडी?"

"लाइन बंद झाली. सोमवारपासून. आज दुपारीच सोडलं."

"कधीपर्यंत?"

"बोलावतील तेव्हा."

हातातली गाठ तिनं पुरी केली. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू ताठ झाली. तेवढ्याला तिला वेळ लागला, आणि हे थावीच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"उद्या झोपा हवं तेवढं," ती म्हणाली. "परवा पाचला उठा. लांब बाह्यांचा शर्ट घाला. तुमचा फॅक्टरीतला चालेल, जाड आहे."

*

फॅक्टरीचा शर्ट दोन दिवस टिकला. अननसाच्या पातीला करवतीसारखे दात असतात. तिसऱ्या दिवशी बाहीच्या चिंध्या झाल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा उठल्या. घाम त्यांत शिरला की आग व्हायची. थावी हजारो अंशांच्या उष्णतेपाशी आयुष्य घालवलेला माणूस, पण तिथं पंखा होता, आणि काम छातीच्या उंचीवर यायचं. इथं जमीन वर येत नव्हती.

शेजारची सायबुआमावशी लामयायच्या मदतीला यायची. सहासष्ट वर्षांची, काटक. तिनं स्वतःची जमीन केव्हाच फॅक्टरीवाल्यांना विकली होती, पण घरात बसवत नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि वर आपली जुनी पिकअपही भाड्यानं चालवायची. थावीच्या ओळीशी येऊन ती थांबली.

"जावईबुवा, फळाला फाशी देताय का?"

"का? पक्कं बांधलंय."

"पक्कंच बांधलंय. श्वास तरी घेऊ द्या त्याला. हे बघा, बोट आत गेलं पाहिजे." तिनं गाठ सैल केली. "आणि लामयाय तीन ओळी पुढं गेली. तुमची अजून पहिलीच."

"माझी सुबक आहे."

"हो, फोटो काढून लावा देवळात."

लामयाय लांबून हसली. फडक्याआड दिसलं नाही, पण खांदे हलले. थावीला राग यायला हवा होता. तो आला नाही. सव्वीस वर्षं एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तो जागा असायचा तेव्हा ती शेतात, ती घरी यायची तेव्हा तो झोपलेला. ही बाई हसते तेव्हा खांदे हलतात, हेसुद्धा तो विसरून गेला होता.

संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं त्याच्या तळव्यातले काटे सुईनं काढले. तळहात डोळ्यांजवळ नेऊन एकेक शोधत होती.

"हे काय?" अंगठ्याखालच्या पांढऱ्या डागाला तिनं हात लावला.

"ठिणगी. जुनी आहे. माली शाळेत जायला लागली त्या वर्षीची."

"सांगितलं नाहीत कधी."

"तू झोपली असशील."

तिनं आणखी एक काटा काढला, फुंकर घातली आणि दुसरा हात मागितला.

*

एप्रिलच्या मध्याला पहिला माल निघाला. डबाबंद फळांच्या कारखान्यावर न्यायचा म्हणून सायबुआमावशीची पिकअप शेताच्या तोंडाशी लावली. टोपल्या पाठीवर घेऊन थावीनं आणि लामयायनं गाडी भरली. ओझं वाढलं तशी गाडी खाली बसली, आणि सायलेन्सरचा नळ धाडकन जमिनीला टेकला. त्याला धरणारी पट्टी गंजून तुटली होती.

"झालं!" सायबुआमावशी म्हणाली. "आता हे आजच व्हायचं होतं."

"तार द्या," थावी म्हणाला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.

लाल धूळ कानात गेली. त्यानं नळ गुडघ्यानं वर उचलून धरला, तार दोनदा फिरवली, पिळली. मग हातानं सांध्यावरची माती पुसली. पट्टी तुटली होती, सांधा मात्र जसाच्या तसा होता. बाजूला नंबर होता, गंजलेला पण वाचता येण्याजोगा.

"मावशी, ही गाडी कधीची?"

"माझा नवरा गेला त्याच्या आदल्या वर्षीची. एकोणीस वर्षं झाली."

"सांधा माझा आहे. अठ्ठावन्न."

"म्हणजे एकोणीस वर्षं मी तुमच्या भरवशावर धूर सोडतेय म्हणायची." मावशी हसली. त्याला फक्त तिच्या रबरी चपला दिसत होत्या. मग चपला जवळ आल्या आणि आवाज खाली आला. "जावईबुवा, लामयाय टोपल्या आणायला गेलीय म्हणून विचारते. मालीला तुम्ही काही बोललात का?"

"कशाबद्दल?"

"चीनला जाणार होती ना ती. कंपनी पाठवत होती, दीड वर्षासाठी, शिकायला. तिच्या विभागातून एकटीचं नाव आलं होतं. मला येऊन विचारून गेली, मावशी, आईच्या सोबतीला रोज येशील का. मी म्हटलं, येईन. तुमची लाइन बंद झाली आणि दोन दिवसांनी परत आली. म्हणाली, नको, मी नाव मागं घेते."

थावी तसाच पडून राहिला. धुळीचा एक कण डोळ्यात गेला होता, पण दोन्ही हात मातीनं माखले होते.

"गाडी धरेल ना आता?" मावशीनं विचारलं.

"धरेल. सावकाश न्या."

*

मालिवान चोवीस वर्षांची. बापासारखी उंच, आईसारखी कमी बोलणारी. संध्याकाळी तिची स्कूटर अंगणात लागली तेव्हा थावी नळाखाली अंग धूत होता. जेवताना कच्च्या पपईची कोशिंबीर, चिकट भात आणि भाजलेला मासा होता. तो भाताचा गोळा बोटांत बराच वेळ मळत बसला.

"तुमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डर हवेत म्हणत होतीस."

"बॅटरीच्या पेट्यांना. पण बाबा, पंचेचाळीसच्या आतले."

"अनुभव असला तरी?"

"अनुभव असला तर परीक्षेला बसू देतात." तिनं आईकडं पाहिलं. आई माशाचा काटा काढत होती. "कशाला पण? तुम्हाला बोलावतीलच परत."

"नाव दे माझं."

"बाबा, ते वेगळं असतं. तुम्ही सगळं आयुष्य..."

"धातूच आहे ना? नाव दे."

चीनचा विषय त्यानं काढला नाही. त्याच्या मनातला हिशेब साधा होता: मला तिथं काम लागलं की हिला थांबायला कारण उरत नाही.

आठ दिवसांनी परीक्षा झाली. नव्या फॅक्टरीच्या मागच्या शेडमध्ये बारा जण रांगेत बसले होते. अकरा जण असे, की त्यातल्या कुणाचाही बाप थावी होऊ शकला असता. एकानं उठून त्याला खुर्ची दिली, आणि ते त्याला फार लागलं. परीक्षा घेणारा फुरित सत्तावीस-अठ्ठावीसचा, चष्म्याचा. थावीनं घरून आणलेला आपला मास्क पाहून त्यानं हात जोडले.

"काका, हा फार जुना. इथला वापरा. काच आपोआप काळी होते."

"मला याची सवय आहे."

"नियम आहे, काका."

थावीनं आपला मास्क पिशवीत परत ठेवला.

लोखंड तापताना माणसाशी बोलतं. आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पांढरं. कधी थांबायचं ते रंगावरून कळतं. अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही. रुपेरीच्या रुपेरी राहतं आणि एकदम खाली गळून पडतं. थावीच्या पहिल्या तुकड्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. शेजारच्या पोरानं पाहिलं आणि पटकन मान वळवली. दुसऱ्या तुकड्याला त्यानं हात भराभर चालवला. सांधा झाला, पण वेडावाकडा. तिसरा एकच उरला होता. त्यानं श्वास धरला, कोपर अंगाला टेकवलं आणि चालवत नेला. टोकाशी पोचल्यावर सवयीनं टॉर्च किंचित मागं फिरवून बंद केला. वरून पाहता सांधा देखणा दिसत होता, एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखा.

"छान आलाय, काका," फुरित म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता. "आता आत कसा आहे ते बघतील." त्यानं तुकड्यावर अकरा नंबर लिहिला आणि ट्रेमध्ये ठेवला.

*

तो ट्रे दुपारी मालिवानच्या टेबलावर आला. सांधे कापायचे, घासून चकचकीत करायचे, आम्लाचा हात फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे तिचं काम. तुकड्यांवर नावं नसतात. अकरा नंबर हातात घेतला आणि ती थांबली. सांध्याचं टोक किंचित मागं वळलेलं होतं. लहानपणी अंगणात बापानं तिला बनवून दिलेल्या लोखंडी पाळण्याच्या प्रत्येक सांध्याला तेच टोक होतं.

तिनं तुकडा कापला. घासला. काचेखाली धरला. धातूच्या पोटात बारीक काळी भोकं होती. तळाशी एका बाजूला धातू धातूला मिळालाच नव्हता. तिनं भोकं मोजली. सात. पुन्हा मोजली. सात. तीनच्या वर असली की नापास. कागदावर तिनं सात लिहिले, नापास लिहिलं, आणि मग खुर्चीवरून उठून आपल्या वरिष्ठ बाईंकडं गेली.

"ताई, अकरा नंबर तुम्ही एकदा तपासाल? तो बहुतेक माझ्या वडिलांचा आहे. मी तपासणं बरोबर नाही."

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. त्या तिच्या टेबलापाशी आल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"नऊ आहेत," त्या म्हणाल्या. "कडेची दोन सुटली तुझ्या नजरेतून."

मालिवाननं पुन्हा काचेला डोळा लावला. दोन्ही होती, कडेला, अगदी स्पष्ट. ती कशी दिसली नाहीत हे तिला पुढं कधीही सांगता आलं नाही. सात खोडून तिनं नऊ लिहिले.

*

त्या दिवशी ती फॅक्टरीतून थेट शेतात आली. सहा वाजत आले होते. थावी आणि लामयाय बांधावर बसून, उन्हानं भाजलेलं म्हणून कारखान्यानं परत केलेलं फळ तिखटमीठ लावून खात होते. फळाचं एक अंग पिवळंजर्द, दुसरं काळपट आणि मऊ. लामयाय चांगलं अंग थावीकडं सरकवत होती आणि तो ते परत तिच्याकडं.

मालिवान स्कूटर लावून समोर उभी राहिली. हेल्मेट काढलं नाही.

"बाबा, तुमचा तुकडा माझ्याकडंच आला होता."

"बरं."

"नापास आहे."

"वरून चांगला होता."

"वरून सगळ्यांत चांगला होता."

थावीनं चाकू गवताला पुसला. "भोकं किती?"

"नऊ." तिचा आवाज हेल्मेटमध्ये घुमला. "मला सातच दिसली होती. ताईंनी नऊ मोजली."

मग थावी हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"दोन माफ केलीस होय बापाला?"

"मी मुद्दाम नाही केलं!"

"माहीत आहे. म्हणून तर हसतोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. हसू थांबलं, पाणी थांबलं नाही. "माली, ती बॅटरीची पेटी गाडीत कुठं असते?"

"सीटच्या खाली. सगळ्यांत तळाला."

"म्हणजे माणसं तिच्यावर बसणार. लेकराबाळांना घेऊन." त्यानं चाकू बाजूला ठेवला. "बरोबर केलंस. आता हेल्मेट काढ. कुणाशी बोलतोय ते कळू दे."

तिनं हेल्मेट काढलं. गाल ओले होते. ती बापाशेजारी बसली. लामयायनं फळाचा तुकडा तिच्या हातात दिला आणि थावी म्हणाला, "चीनला का जात नाहीस?"

मालिवाननं आईकडं पाहिलं.

"मला काय बघतेस?" लामयाय म्हणाली. "मला आत्ता कळतंय. कसलं चीन?"

मग सगळं बाहेर आलं. कंपनी, दीड वर्ष, नाव मागं घेणं. मालिवान खाली बघत सांगत राहिली. बाबांचं काम गेलेलं, आईची कंबर दुखते, शेत एवढं, मावशीचं वय झालेलं. लामयायनं सगळं ऐकून घेतलं. मग मिठाची पुडी बांधली, बाजूला ठेवली आणि बोलली. ती एवढं सलग बोललेली थावीनं क्वचितच ऐकलं होतं.

"माझ्या कमरेचा निरोप कंपनीला देताना मला विचारलंस? माझी कंबर आहे. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून दुखतेय. तिच्यासकट हे शेत मी केलं, तुझा बाप रातपाळीला असताना केलं, तुला पाठीशी बांधून केलं. आणि आता तर हा माणूस घरी आहे. हळू बांधतो, पण बांधतो. त्याला मी शिकवतेय. आमचं आम्ही बघू. आणि तुम्ही," ती थावीकडं वळली, "मला न सांगता परीक्षेला गेलात ते हिला पाठवायला, होय ना?"

"सांगितलं होतं की. जेवताना."

"काम पाहिजे म्हणालात. पोरीसाठी म्हणाला नाहीत."

थावीनं मान खाली घातली. बापलेक शेजारी शेजारी सारख्याच माना घालून बसलेली पाहून लामयायचे खांदे हलायला लागले.

"उद्या सकाळी जाऊन त्यांना सांग," ती म्हणाली, "आईनं हो म्हटलंय म्हणून. जागा दुसऱ्या कुणाला दिली असली तर मागून घे. रडायचं ते त्यांच्यासमोर रड, इथं काय उपयोग?"

जागा अजून कुणाला दिली नव्हती. ताईंनी तिचं नाव मागं घेतल्याचा कागद वर पाठवलाच नव्हता. खणात ठेवून दिला होता.

*

मेच्या सुरुवातीला विरोजचा फोन आला. दूरच्या वाळवंटी देशांना जुन्या पद्धतीच्या पिकअप अजून लागतात, त्यामुळं एक नंबरची लाइन चालू राहणार होती. त्यांना आठवड्यातून तीन दिवस एक पक्का हात हवा होता.

"किती दिवस चालेल हे?" थावीनं विचारलं.

"खरं सांगू दादा? वर्ष, दोन वर्षं. कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे." विरोज क्षणभर थांबला. "याल ना?"

थावीनं फोन छातीला लावून लामयायला विचारलं. ती म्हणाली, "तीन दिवस त्यांचे, तीन माझे. एक झोपायचा."

"येतो," तो फोनवर म्हणाला. "सोमवार नको पण. सोमवारी आमच्याकडं तोडणी असते."

मालिवानच्या जाण्याच्या सकाळी लामयायनं अंधार असतानाच भात शिजवला. भिक्खू रस्त्यानं आले तेव्हा तिघांनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रांत भात घातला. मग थावीनं पांढऱ्या सुताची गुंडी काढली. त्याच्या सुरिनकडं कुणी लांब निघालं की मनगटाला सूत बांधतात, माणसाचा जीव माणसाबरोबर राहावा म्हणून. त्यानं लेकीचा हात मांडीवर घेतला, सूत गुंडाळलं, गाठ मारली.

"बोट जातंय का आत?" लामयायनं विचारलं.

थावीनं बोट घालून पाहिलं. "जातंय."

सायबुआमावशीही आली होती. तिनं पिशवीभर वाळवलेले अननस आणले होते आणि ते बॅगेत कोंबताना चीनमधल्या थंडीबद्दल वाटेल ते सांगत होती. कंपनीची गाडी सहाला येणार होती. पावणेसहापासून चौघं अंगणात उभी होती आणि थावीचा कान रस्त्याकडं लागला होता. वळणावरून कुठलीही गाडी आली तरी तिचा नळ कसा आहे ते त्याला फर्लांगभर अलीकडूनच कळायचं. भेगाळलेला, सैल झालेला, नवा. तो ऐकत होता. कोंबडे, लांबच्या फॅक्टरीचा भोंगा, पलीकडल्या घरातला रेडिओ.

"उशीर झाला वाटतं," तो म्हणाला आणि मान वळवली, तर गाडी अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबलेली होती.

पांढरी, लहानशी. ड्रायव्हरनं हात जोडले आणि बॅगा मागं ठेवल्या. मालिवान आईच्या पाया पडली, मावशीच्या पडली, बापाच्या पडली. त्याच्या पावलांपाशी थोडा वेळ थांबली. त्यानं तिच्या केसांवर तळहात ठेवला.

"टोक मागं वळवायचं," तो एकदम म्हणाला. "सांधा संपवताना. कुणी काही म्हटलं तरी. नाहीतर तिथं धातू पातळ राहतो."

"हो, बाबा."

ती आत बसली. थावी गाडीच्या मागं गेला. कशासाठी ते त्याचं त्यालाही कळलं नाही, हात सवयीनं खाली गेला. नवीन गाडी दिसली की तो नळाच्या तोंडाशी तळवा धरून बघायचा, धूर कसा येतो ते. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत पांढरा पत्रा, सकाळच्या दवानं ओला. त्यानं त्या पत्र्यावरच हात ठेवला, बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवावा तसा, आणि तळव्याखालून गाडी हळूच पुढं सरकली.

धूर नाही, आवाज नाही. चाकांखाली खडी तेवढी कुरकुरली. काचेतून मालिवानचा हात दिसत होता, पांढऱ्या सुताचा. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, वळली आणि दिसेनाशी झाली. एरवी माणूस गेलं तरी त्याची गाडी बराच वेळ कानात राहते, लहान लहान होत जाते. थावी त्यासाठी थांबला. काहीच आलं नाही.

लामयाय डोळे पुसत होती, फडक्यात तोंड धरून.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"कळलंसुद्धा नाही."

"तशीच असते ती."

दोघं तिथंच उभी राहिली, पत्र्याच्या भिंतींवर ऊन चढेपर्यंत. सायबुआमावशी आधीच शेताकडं निघाली होती. जाता जाता तिनं ओरडून विचारलं, येताय की मी एकटीच सुरू करू? लामयायनं फडकं डोक्याला गुंडाळलं. थावीनं शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, बटणं लावली आणि तिच्या मागोमाग निघाला. थोडं चालल्यावर त्यानं पाय उचलून तिला गाठलं, आणि बांध अरुंद होता तरी शेजारून चालायला लागला.